गिरदावराचा दम

गिरदावर तोंड उघडून श्वास घेत होता. मांजर तोंडानं श्वास घेतं, हे श्रीमंतने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कुत्र्याचं ठीक आहे, कुत्रं जीभ लोंबती ठेवूनच जन्माला येतं. बोका म्हणजे अब्रूदार जनावर. तो तोंड उघडतो ते जांभईला, दुधाला, नाहीतर दुसऱ्या बोक्याला शिवी द्यायला.

सकाळचे साडेसात वाजले होते. गिरदावर मोरीच्या कडेला पोत्यावर दबून बसला होता. पुढच्या पायांची कोपरं बाहेर, मान लांब ताणलेली, पोट लोहाराच्या भात्यासारखं आत-बाहेर. खोकत तर तो महिनाभर होता, आणि दर वेळी श्रीमंत स्वतःची समजूत काढत होता की केस अडकला असंल, काटा अडकला असंल. आज खोकला थांबला आणि त्याच्या जागी एक बारीक शिट्टी आली. ती ऐकली आणि श्रीमंत त्याच्यापुढे उकिडवा बसला.

“गिरदावर, ए बाबा,” म्हणत त्याने हात पुढे केला.

हात दिसताच बोका फरफटत मागे सरकला. अंगात त्राण नव्हतं, तरी सरकला. सरकता सरकता त्याचा श्वास आणखी चुकला.

श्रीमंतने हात पाठीमागे लपवला. बोका त्या हाताला का भितो, हे साऱ्या धर्माबादेत एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

धर्माबादची मिरची कशी आहे, हे ज्याला माहीत नाही त्याने एकदा तिथून रेल्वेने जावं. गाडी दोन मिनिटं थांबते, पण तेवढ्यात अख्खा डबा शिंकतो. गाढ झोपलेला माणूससुद्धा शिंक आली की न बघता म्हणतो, धर्माबाद आलं. एका वर्षी तर म्हणे इंजिनच शिंकलं आणि गाडी सिग्नल नसताना पुढच्या बासर स्टेशनापर्यंत गेली. गावातली माणसं मात्र शिंकत नाहीत. पिढ्यान् पिढ्या मिरचीचा तो खाट, तो तिखट वास, नाकात भरून त्यांची नाकं दगडाची झालीत.

अशा गावात श्रीमंतचा धंदा काय, तर मिरची हुंगायचा. शंकरप्पांच्या अडतीवर माल आला, की लिलावाच्या आदल्या दिवशी श्रीमंत दर ढिगातली मूठभर मिरची वेगळ्या पिशवीत घालून घरी न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी यार्डात उभा राहून, ढिगातली एक मिरची मोडून, डोळे मिटून हुंगून सांगायचा, कुठली हलकी, कुठली मध्यम, कुठली कडक. त्याचा शब्द खाली पडत नसे. हैदराबादचे खरेदीदार ढीग सोडून आधी श्रीमंतच्या तोंडाकडे बघत.

आणि त्या नाकाला गेली सहा वर्षं गुलाबाचं फूल आणि गटार यातला फरक कळत नव्हता.

नाक हळूहळू मेलं. आधी कांदा गेला, मग अगरबत्ती, मग मिरची. श्रीमंतने कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय? बायको नाही, पोर नाही, त्या नाकावरच गावात रामराम मिळत होता. अशात एक दिवस पिशवी उघडी राहिली आणि गल्लीतल्या बारा स्वयंपाकघरांची रोज तपासणी करणारा हा बोका तिच्यात डोकावला. निजामाच्या काळात गावोगाव पिकं तपासत हिंडणाऱ्या अंमलदाराला गिरदावर म्हणत, म्हणून शेजारच्या कमरुन्निसाने बोक्याचं नाव तेच ठेवलं होतं. गिरदावर डोकावला आणि एकदा शिंकला. दुसऱ्या पिशवीला दोनदा. तिसरीला तीनदा. श्रीमंत बघतच राहिला.

त्या दिवसापासून भाव बोका ठरवू लागला. एक शिंक हलकी, दोन मध्यम, तीन कडक. आणि ज्या मालाला बोका शिंकत शिंकत आढ्यावर चढून बसला आणि संध्याकाळपर्यंत उतरला नाही, तो माल परदेशी गेला. दर मोसमात, संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत, चुरडलेली मिरची एका हातात आणि बोक्याची मान दुसऱ्या हातात. शिंक झाली की दुधाची वाटी. श्रीमंत म्हणायचा, बेट्याला आवडतंय.

आता ती शिट्टी ऐकताना त्याला पहिल्यांदा वाटलं, बेट्याला कधीच आवडत नव्हतं.

तो चप्पल न घालता जनावरांच्या दवाखान्यात पळाला. तिथली डॉक्टरीण नवी होती, लातूरकडून बदलून आलेली, दीपमाला नावाची. ती एका म्हशीच्या अडलेल्या बाळंतपणाला गेली होती. चौकीदाराने वही पुढे केली.

“काय लिवू? गाय का म्हैस?”

“बोका.”

“बोका?” चौकीदाराने पेन खाली ठेवलं. “मामा, बोक्यासाठी डॉक्टर बोलावून राहिले तुमी?”

“लिव की रे! दम कोंडलाय म्हनून लिव! आन् बाई आल्या आल्या पाठव!” श्रीमंतचा आवाज असा फाटला, की चौकीदाराने ‘तातडीचे’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

परत येईस्तोवर घरात गल्ली जमली होती. कमरुन्निसा मधोमध बसली होती. सत्तर वर्षांची, गोधड्या शिवणारी, दोन मिरचीच्या गोदामांमधल्या घरात उभं आयुष्य काढलेली बाई. तिच्यासमोर निखाऱ्यांची पाटी होती आणि मांडीवर मीठ-मोहऱ्या.

“कुटं उलथला होतास रे श्रीमंता? जनावर मरून राहिलं हितं!”

“बूबू, डॉक्टरीण येतीय.”

“येईल तवा येईल. ह्याला नजर लागलीय. काल त्या भुसारवाल्याची बायको काय म्हनली मालूम? ‘बोका हाय का वाघाचं पिल्लू?’ मी तवाच म्हनलं, लागली.” तिने हात पुढे केला. “आन मिरच्या. तुझ्या त्या पिशवीतल्या दे, कडक असतेत.”

 मिरची नको, असं श्रीमंतच्या ओठावर आलं होतं. पण नको म्हटलं, तर का नको हे सांगावं लागेल. दारात दोन हमाल उभे होते, यार्डातला मापाडी चंद्रप्पा उभा होता. अकरा वाजता लिलाव होता. श्रीमंतने भिंतीवरची पिशवी काढली आणि दिली. देताना दोन मिरच्या खाली पडल्या.

कमरुन्निसाने सात मिरच्या गिरदावरावरून तीनदा ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. आता ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. मिरची जळली आणि ठसका लागला, तर नजर साधी. मिरची जळूनही कुणाला ठसका लागला नाही, तर नजर जबरदस्त. सगळे नाकं पुढे करून थांबले.

कुणालाही ठसका लागला नाही.

“या अल्ला,” कमरुन्निसा पुटपुटली. “येवढी मोठी नजर?”

“एकवीस टाका,” चंद्रप्पा म्हणाला.

एकवीस टाकल्या. खोलीभर धूर झाला. माणसं एकमेकांना दिसेनाशी झाली, पण खोकेल कोण? तिथं एकूण एक नाक धर्माबादचं होतं. मग कमरुन्निसाने ऊद आणला, तोही घातला. कुणीतरी सूपभर मिरची आणली, तीही तिने ओतली. त्या धुराने भिंतीवरच्या पाली टपाटप खाली पडल्या आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती म्हणे थेट देगलूरला जाऊन बसली. माणसं मात्र आषाढातल्या ढगात बसल्यासारखी शांत बसून होती.

आणि त्या सगळ्या धुरात ठसका लागू शकेल असं एकच नाक होतं. त्याच्यात ठसकायची ताकद उरली नव्हती.

श्रीमंत गुडघ्यावर बसून धुरातून बोक्याकडे बघत होता. जीभ मघाशी गुलाबी होती. आता ती जांभळासारखी दिसत होती. सांग, तो स्वतःशी म्हणत होता, सांग की, भाड्या. तोंड उघडायचा आणि मिटायचा. समोर बोकाही तेच करत होता.

इतक्यात दारात कुणीतरी खोकलं.

खोकलं कसलं, दाराची चौकट धरून वाकलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाकाला ओढणी, शब्द फुटेना. ती डॉक्टरीण होती, बाह्यांना अजून म्हशीचं रक्त लागलेलं.

“उतरली!” कमरुन्निसा उभी राहिली. “ठसका लागला! नजर उतरली गं माय!”

“उतरली, उतरली!” सगळ्यांनी गलका केला. चंद्रप्पाने तर टाळ्या वाजवल्या.

“अहो, काय उतरली?” डॉक्टरीण ओरडली. “विझवा ते! बाहेर व्हा सगळे! जीव घ्यायचाय का त्याचा?”

ती तशीच आंधळ्यासारखी आत घुसली, चाचपडत बोक्यापाशी पोचली, दोन्ही हातांनी त्याला पोत्यासकट उचललं आणि बाहेर लिंबाखाली वाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. “लांब राहा. हात लावू नका. घाबरला तर उरलासुरला श्वासही जाईल.”

गल्ली लांब उभी राहिली. तेवढ्यात शंकरप्पाही आले, धोतराचा सोगा सावरत. कपाळावर भस्म, हातात मोबाईल. “श्रीमंता, साडेनऊ झाले की. आजच्या मालाचं काय ते...” असं म्हणता म्हणता त्यांना गर्दी दिसली आणि ते थांबले.

डॉक्टरिणीने जराही दाब न देता बोक्याच्या छातीला नळी लावली. डोळे पुसले, पुन्हा लावली. मग तिने श्रीमंतला जवळ बोलावलं.

“मालक तुम्ही?”

“हाव.”

“नीट ऐका. दोन गोष्टी असू शकतात. हृदय खराब होऊन छातीत पाणी झालं असेल, तर एक इंजेक्शन. दमा असेल, तर दुसरं. इथं छातीचा फोटो काढायची सोय नाही. नांदेडला न्यायचं म्हटलं तर हा वाटेतल्या उमरीच्या पुढं जायचा नाही. आणि चुकीचं दिलं, तर माझ्याच हातानं जाईल. हा धूर आजचा. पण हा आजचा आजारी नाही. कधीपासून खोकतो?”

“म्हैना झाला.”

“त्याच्या आधी? मागच्या वर्षी?”

श्रीमंतने मागे पाहिलं. कमरुन्निसा, चंद्रप्पा, हमाल, आणि सगळ्यांच्या पुढे शंकरप्पा.

“घरात काय असतं? कसली पूड, फवारा, औषध? मामा, बोला. मला त्याच्या छातीत शिट्टी ऐकू येते, पण कशाची ते तुम्हीच सांगणार.”

 आयुष्यात श्रीमंतला इतकं भय कधी वाटलं नव्हतं. पुराच्या पाण्यात गोदावरीच्या मधोमध नाव फिरली होती, तेव्हासुद्धा नाही. तेव्हा आपलाच जीव जाणार होता. बोक्याची बरगडी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

“मिरची,” तो म्हणाला.

“ती तर गावभर आहे.”

“न्हाई. मी... ह्या हातानं.” त्याने दोन्ही हात पुढे केले. “चुरगाळून नाकाला लावतो त्याच्या. शिंका मोजतो. सा वर्सं झाली. संक्रांतीपासून पाडव्यापत्तर. दर लिलावाच्या आदल्या दिवशी. पंधरा-वीस ढिगं असतेत. मोसम संपला की खोकला बी जातो. पावसाळ्यात एकदम ठणठणीत. माझं नाक मेलंय बाई. मला काय बी वास येत न्हाई. सगळा माल ह्योच बघतो.”

 डॉक्टरीण एवढंच म्हणाली, “दर मोसमात येतो आणि मोसम संपला की जातो. दमा,” आणि पिशवीत हात घातला. म्हशीची औषधं असलेल्या त्या पिशवीतून तिने सगळ्यात बारीक सुई शोधली, बाटलीतलं औषध थेंब-दोन थेंब ओढलं, उजेडात धरून पुन्हा पाहिलं, अर्धं सांडलं आणि टोचलं. मग दम्याचंच आणखी एक.

“म्हंजे,” मागून शंकरप्पांचा आवाज आला, “सा वर्सं माझ्या अडतीचा भाव बोक्यानं काढला?”

“हाव, आप्पा.”

“हैदराबादवाल्यांनी शाल घातली तुला गेल्या साली. ती बी बोक्याची?”

“हाव, आप्पा.”

“आरं, मग निदान शाल तरी त्याला पांघरायची हुती, नालायका!”  शंकरप्पांनी बोक्याकडे पाहिलं, त्या ताणलेल्या मानेकडे, आणि एकदम मोबाईल कानाला लावला. “चावी घेऊन या रं कुनीतरी. करोनात सगळ्या अडत्यांनी मिळून आनलेलं ते हवेचं मशीन, गोदामात पडलंय, ते घेऊन या. पळा!”

हमालांनी मशीन आणलं. कमरुन्निसाच्या घरातून वायर ओढली. एका खोक्याला प्लास्टिकचं झाकण केलं, त्यात नळी सोडली, आत गिरदावर. मशीन घरघरायला लागलं.

“छाती वर जाऊन खाली आली की एक,” डॉक्टरीण श्रीमंतला म्हणाली. “मिनिटभर मोजा. निवांत मांजराचे तीसच्या आत असतात.”

पहिल्या मिनिटाला ब्याऐंशी भरले. शिंका मोजायची सवय असलेला माणूस, पण हे मोजताना त्याचं तीनदा चुकलं. दुसऱ्यांदा शहाऐंशी, आणि त्याने डॉक्टरिणीकडे असं पाहिलं, की तिने नजर फिरवली. मग ऐंशी. मग बराच वेळ ऐंशीच. लिलावाची अकराची वेळ टळून गेली, कुणी उठलं नाही. कमरुन्निसा रिकामी पाटी पुढे घेऊन बसली होती. तिचे ओठ हलत होते, आणि मधूनच ती स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. “सूपभर! सूपभर टाकली मी!”

“मी दिली, बूबू,” श्रीमंत म्हणाला. “मला मालूम होतं. तरी दिली.”

तिने पाटी उचलून लांब ठेवली.  

साडेबाराला चौसष्ट. एकला पन्नास. दोनच्या सुमाराला गिरदावराने तोंड मिटलं. एवढीच गोष्ट, मांजराने तोंड मिटलं. श्रीमंत तिथंच मातीत बसला आणि दिवे लागेपर्यंत मोजत राहिला.

डॉक्टरिणीने जाताना सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. दमा जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. धूर, ऊद, अगरबत्ती, मिरचीची धूळ, काही चालणार नाही. ह्या घरात तर हा पुन्हा येताच कामा नये. माणसांच्या दम्याचा असतो तसा पंप, त्याला लहान मास्क लावून, सकाळ-संध्याकाळ नाकातोंडावर धरायचा आणि दहा श्वास होईपर्यंत काढायचा नाही. कधी पुन्हा तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तर वाट न बघता आणायचं.

तीन दिवस बोक्याला दवाखान्यात ठेवून श्रीमंतने चौथ्या दिवशी बिऱ्हाड हलवलं. रुळांपलीकडे, जनावरांच्या दवाखान्याच्या मागे एक खोली मिळाली. जुने कपडे जाळावेत तर धूर होईल, म्हणून त्याने ते पुरले. सात बादल्या पाण्याने अंघोळ केली. तिथं शंकरप्पा आले. खाकरत, घसा साफ करत बसले.

“गावभर झालंय रं. समदे अडते मांजरं हुडकून राहिलेत.”

“मग?”

“सापडंनात. परवा दुपारी समदी मांजरं म्हनं रांगेनं पुलावरनं पलीकडं गेली. तेलंगणात. पुलावर ट्रका थांबवल्या म्हनं त्यांनी.” ते जरा सरकले. “बघ, सोमवारी मोठा लिलाव हाय. एकदाच. लांबनं दाव. एक शिंक, बस.”

“न्हाई, आप्पा.”

“माझ्या घराण्याचं नाव...”

“न्हाई.”

शंकरप्पांनी त्याला न्हाई म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. ते उठले. सोमवारी यार्डात त्यांनी स्वतः मिरची मोडून हुंगली आणि डोळे मिटून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते खरेदीदारांना अजून कळलेलं नाही.

अडचण राहिली ती पंपाची. नव्या खोलीतल्या पहिल्या संध्याकाळी श्रीमंतने मास्क घेऊन हात पुढे केला. हात नाकाकडे येताना दिसला आणि गिरदावर पेटीमागे गेला. कान मागे, पोट पुन्हा भात्यासारखं. श्रीमंतने घाईघाईने हात मागे घेतला. त्याने हात साबणाने धुतले, राखेने धुतले, दह्याने चोळले. डॉक्टरीण म्हणाली, वासाचं नाही मामा, हाताचं आहे. वेळ लागेल. कदाचित नाहीच जमणार.

म्हणून आता सकाळ-संध्याकाळ कमरुन्निसा रूळ ओलांडून येते. येताना रेल्वेला शिव्या, जाताना श्रीमंतला. गिरदावर तिच्या मांडीवर बसतो, ती मास्क धरते, पण तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, छाती हललेली कळत नाही. मोजायचं काम श्रीमंतचं. तो उंबऱ्याबाहेर, हात गुडघ्यांखाली दाबून बसतो.

“झाले का रे?”

“थांब. सात.”

“आता?”

“आठ. हलू नको, बूबू. नऊ.”

नऊ आणि दहाच्या मध्ये गिरदावर कधी कधी जरा थांबतो. मांजराची लहर असेल, किंवा मास्कमधल्या गार हवेचं त्याला नवल वाटत असेल. तेवढ्या वेळात श्रीमंतचा स्वतःचा श्वास छातीत अडकून राहतो, बाहेर पडायला धजत नाही.

“अरे बोल की, मेला का काय तू?”

“दहा,” श्रीमंत म्हणतो. “काढ.”